एक पाठ कमी

केक कापताना दिवे मालवले की सगळ्यांचे मोबाइल केककडे वळतात. मी तेव्हा पोरांच्या पाठी मोजते. लहान मुलांच्या बर्थडेला खेळ घ्यायचं माझं काम. पोरं आली की प्रत्येकाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, नंबरचं गोल स्टिकर लावते. छातीवर लावलं तर पाच मिनिटांत ते सोफ्याला चिकटलेलं सापडतं. पाठीवर हात पोचत नाही. नाव लिहीत नाही, कारण नाव वाचून कोणीही पोराला हाक मारू शकतो. आईबाबा थांबले असतील तर हिरवं, सोडून गेले असतील तर नारिंगी. नारिंगी नंबरापुढं वहीत फोन, आणि न्यायला कोण येणार ते. यजमानांना हे सगळं उगाचचं वाटतं. स्नो स्प्रे मात्र हवाच असतो, ज्यातला गॅस मेणबत्तीजवळ भडकतो. त्याला मी ठणकावून नाही म्हणते.

मे महिन्यातली गोष्ट. बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीमचं क्लब हाउस. नागपूरच्या उन्हात सातच्या आधी कोणी बर्थडे ठेवत नाही, म्हणजे खेळ रंगात येईस्तोवर बाहेर अंधार. पोरं 24, बहुतेक चार-पाच वर्षांची, आणि नारिंगी स्टिकरं जास्त. 17 नंबरचं पोरगं साडेचार वर्षांचं. त्याची आई 'पासिंग द पार्सल' सुरू होईपर्यंत थांबली. तो गोलात बसून रमला, तशी गुपचूप निघाली. हे मी नेहमी बघते. दाराशी उभ्या बायका खुणा करतात, 'जा जा, रमला आता', आणि आई चपला हातात घेऊन पळते.

केक कापून दिवे लागले. पाठी 23. परत मोजल्या, 23. मुख्य दारात माझी मदतनीस उभी होती, तिथून कोणी गेलं नव्हतं. मागचं दार मात्र केटररच्या पोरांनी ट्रे आणायला वीट लावून उघडं ठेवलेलं. यजमान 112 लावू लागले, कोणी बाथरूम पाहायला गेलं, मी त्या दारातून पार्किंगमध्ये धावले. दुचाक्यांच्या रांगेत, दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत तो उभा होता.

"इथं काय करून राहिला बेटा?"

"मम्मीची गाडी पाहून राहिलो. इथंच लावली होती."

रडत नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता, गाडी असेल तर मम्मी आहे. त्याच्यामागं केटररचा टेम्पो रिव्हर्स घेत होता, आणि तेवढ्या उंचीचं पोर आरशात दिसत नाही.

फोन केल्यावर आई धावत आली. सासऱ्यांना डायलिसिसहून घरी सोडत होती. म्हणाली, "सांगून गेली असती तर रडला असता नं ताई. मग लोक म्हणतात, पोरगं आईला चिकटूनच राहते. थांबू का म्हणून मी विचारलंही होतं. ते म्हणाले, सगळ्याच जाऊन राहिल्या."

तिला काय उत्तर द्यायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. यजमान तसं का म्हणाले, ते मात्र मला माहीत आहे. केटरर ताटावर पैसे घेतो. आईबाबा थांबले की ताटं दुप्पट. हे तोंडावर म्हणवत नाही, म्हणून निमंत्रणात फक्त वेळ आणि पत्ता येतो, आणि थांबायचं की जायचं ते प्रत्येक आईनं दाराशी बाकीच्यांची तोंडं बघून ठरवायचं. बाबा लोकांना तर हा प्रश्नच पडत नाही. ते गाडी चालू ठेवूनच पोराला उतरवतात.

सगळ्यांनी थांबावं असंही मी म्हणणार नाही. सहा-सात वर्षांच्या पोरांत आया बसल्या की खेळ मरतो. आउट झालेली पोरगी आधी आईकडे बघते, आणि आई म्हणते, "मॅडम, तिला एक चान्स द्या नं." आणि नुसतं थांबून भागत नाही. हिरवं स्टिकर असलेल्या दोन वर्षांच्या पोराच्या तोंडातून मी फुटक्या फुग्याचा तुकडा काढलाय, तेव्हा त्याची आई चार हातांवर रील बनवत होती. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा छापावाच लागतो, कारण तो तुकडा घशात घट्ट बसतो. इतवारीतून मी आणते त्या पाकिटांवर तसं काही नसतं.

पण पाचच्या आतलं पोर सोडून जायचंच असेल, तर त्याला सांगून जा. 'आठला येते' नको, त्याला आठ कळत नाहीत. 'केक खाऊन झाला की येते' हे कळतं. रडला तर रडू द्या. रडणारं पोर सांभाळणं मला येतं. थोडा वेळ माझ्या कडेवर बसून स्पीकरची बटणं दाबतो, मग आपोआप उतरतो. 17 नंबर रडला असता तर मी त्याच्यापाशीच असते.

आता बुकिंग घेतानाच मी यजमानांना मजकूर लिहून देते: 'पाच वर्षांखालील मुलांसोबत घरचं एक मोठं माणूस थांबावं, त्यांच्या जेवणाची सोय आहे. बाकीच्या मुलांना साडेआठला न्यायला यावं.' परवा एका यजमानांनी त्यातलं जेवणाचं तेवढं काढून बाकीचं पुढं पाठवलं. मी फोन केला. म्हटलं, दादा, ताटं नका ठेवू, तर्री-पोह्यांच्या प्लेटा ठेवा, पण ते वाक्य परत टाका. बघतो म्हणाले.