मेणबत्ती विझली की फ

मी स्पीच थेरपिस्ट. समोर सहा वर्षांचा मुलगा, दोन्ही कानांना यंत्रं, तरी ऐकू येणं नावापुरतंच. आईची तक्रार होती, “मॅडम, हा पाण्याला फाणी म्हणतो, पोळीला फोळी. घरी रोज सराव घेते हो मी.” म्हटलं, घेता कसा ते दाखवा. त्यांनी पर्समधून वाढदिवसाची बारकी मेणबत्ती काढली, पेटवून त्याच्या तोंडासमोर धरली. पोरगं दणक्यात “फा” म्हणालं, ज्योत विझली, आईने पाठ थोपटली.

व्हिडिओ बघून शिकल्या होत्या, तोही इंग्रजी. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा पी हवेचा झोत घेऊनच बाहेर पडतो, म्हणून तिकडे ज्योत हलली की शाबासकी. आपला प अल्पप्राण, म्हणजे हवेच्या झोताशिवायचा. झोत सुटला की त्याचा फ झालाच. (शहरात निम्मे लोक फ म्हणताना ओठाला दात लावतात, ते सोडा.) मुलगा शिकवलेलं चोख करत होता.

अल्पप्राण-महाप्राण (झोत नसलेले-असलेले), घोष-अघोष (गळ्यात कंप असलेले-नसलेले) ही वाटणी आपल्या शिक्षा-प्रातिशाख्यांत, म्हणजे उच्चारांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत आहे, पण ती वेदपठण शुद्ध राहावं म्हणून. बहिऱ्यांना बोलतं करायला ध्वनींची चिरफाड केली ती युरोपातल्या लोकांनी. स्पेनमध्ये बोनेत नावाच्या एकाने १६२० साली त्यावर पुस्तक छापलं. जिभेच्या जागा दाखवायला त्याने चामड्याची जीभ सुचवली होती. आम्सटरडॅमला १६९२ मध्ये पुस्तक काढणारा डॉक्टर अमान विद्यार्थ्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि समोर आरसा द्यायचा. माझ्या टेबलावर आजही आरसा आहेच.

नियम उलटा केला : ज्योत हलता कामा नये. मुलाने आईकडे असं पाहिलं, की कालपर्यंत तर हिलाच हे हवं होतं! झोत दाबायला गेला तर “बा” आला. ओठ तेच, आरशाचा काही उपयोग नाही. मग त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवला. “बा” म्हटलं, बोटांना कंप लागला. “पा” म्हटलं, कंप नाही. दुसऱ्या हाताची मागची बाजू माझ्या तोंडापुढे धरायला लावली. “फा” म्हणताच चटकन हात मागे घेतला.

जायच्या वेळी आईने बाटली पुढे केली. “फाणी,” पोरगं बोलून गेलं. मग त्याने स्वतःच हात उलटा करून तोंडापुढे धरला, नापसंतीने मान हलवली आणि म्हणाला, “पाणी.”

पोळी अजून बाकी आहे. तिच्यात ळ आहे, आणि ते प्रकरण आरशातही दिसत नाही.