देवीला सोडवून आणताना

आमच्या जोगेश्वरीचा पितळी मुखवटा पावसाळ्यात चोरीला गेला आणि सात महिन्यांनी सापडला. सापडल्यावर तो देवळात यायला मात्र सव्वा वर्ष गेलं.

पकडलेल्या चोराकडे पाच मुखवटे निघाले. आम्ही ठाण्यात जाऊन आमचा ओळखला. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडचं गाव आलं आणि त्यांनीही त्याच मुखवट्यावर बोट ठेवलं, ही आमची काळूबाई म्हणून. त्यांच्याकडेही त्याच पावसाळ्यात चोरी झाली होती. मुखवटेही एकाच घडणीचे, बाजारात मिळायचे तसले. साहेब म्हणाले, "दोन दावेदार आहेत. आता कोर्टातूनच या."

मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, मिळावा, असा अर्ज करायचा. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४५१ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४९७. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अर्जदार कोण?" मी म्हटलं, गाव. ते हसले. ट्रस्ट नोंदलेला होता, पण परिशिष्ट एकच्या, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावरच्या पाच विश्वस्तांपैकी चौघे वारलेले. पाचवे माझे चुलत आजोबा, त्यांना ऐकू येत नाही. सत्तावीस वर्षांत विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज कुणी दिला नव्हता. मग आधी धर्मादाय कार्यालय, मृत्यूचे दाखले, जुन्या सभांची इतिवृत्तं. सहा महिने यातच गेले. (तुमच्या देवळाचा उतारा आजच काढून बघा. खरंच.)

मी वैतागलो की वकील पत्तूरच्या नटराजाची गोष्ट काढायचे. १९७६ मध्ये, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, खणताना एका मजुराला ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांतला नटराज विकला जात जात लंडनला पोचला, तिथे पोलिसांनी जप्त केला. विकत घेणारी कंपनी म्हणे आमचा. शेवटी १९९१ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने पडक्या देवळालाच दावेदार मानलं आणि नटराज परत आला. "तिथे देऊळ उभं राहू शकलं, आणि तुम्हाला पाच माणसं उभी करता येईनात?"

पुराव्याची गंमत पुढेच होती. देवीचे फोटो शेकड्याने, पण सगळ्यांत मळवट, नथ आणि गळ्यापासून हनुवटीपर्यंत हार. मुखवटा कसा आहे ते एकातही दिसेना. मग गुरवांना आठवलं की एका चैत्री यात्रेत पालखी कलंडली होती, हनुवटीला चीर गेली होती आणि तांबटाने आतून ठिगळ लावून डाख दिला होता, म्हणजे धातू वितळवून ते सांधलं होतं. दोन रात्री देवळाच्या जमाखर्चाच्या कीर्दी चाळल्यावर ती नोंद सापडली: "मुखवट्यास डाख". एवढी दोन शब्दांची नोंद ज्याने लिहून ठेवली, त्या माणसाचे आम्ही जन्मभर ऋणी आहोत.

कोर्टाने पाहणीचा हुकूम दिला. मुखवटा उलटा केला, डाव्या बाजूला ठिगळ होतं. पलीकडच्या गावचे एक म्हातारे बाबा पुढे झाले, आत हात घालून त्यांनी ते चाचपलं, बराच वेळ. मग आपल्या माणसांना म्हणाले, "चला." आम्हाला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्यांची देवी अजूनही सापडलेली नाही. तिसऱ्या माळेला त्यांच्या बायका आता आमच्याकडे ओटी भरायला येतात.

मुखवटा आम्हाला मिळाला, पण हुकमात अटी होत्या. पन्नास हजारांचं बंधपत्र, विकायचा नाही, स्वरूपात बदल करायचा नाही, खटल्यात बोलावलं की हजर करायचा. गुरवांनी विचारलं, "चिंचेने घासला तर चालेल ना?" वकील म्हणाले, घासा, पण चांदीचा पत्रा चढवू नका.

खटला अजून उभा आहे. मुखवट्याला गुन्हा नंबरचं लेबल सुतळीने बांधलेलं आहे आणि ते काढायची कुणाची छाती होत नाही. पालखीच्या दिवशी गुरव ते नऊवारीच्या पदराखाली सारून देतात.