रंभा : चिलिकाच्या दक्षिण टोकावरचं गाव

चिलिका म्हटलं की मराठी पर्यटक पुरीहून सातपड्याला जातो, डॉल्फिन बघतो आणि संध्याकाळी परततो. सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, गंजाम जिल्ह्यात, रंभा नावाचं लहानसं गाव आहे. तिथे डॉल्फिन सहसा दिसत नाहीत. इरावती डॉल्फिन राहतात ते मुख्यतः सरोवर समुद्राला मिळतं त्या मुखाजवळच्या पट्ट्यात, म्हणजे सातपड्याकडे. रंभ्याच्या धक्क्यावर कुणी डॉल्फिनची खात्री देऊन बोटीत बसवत असेल तर बसू नका. इथे यायचं ते शांत पाण्यासाठी, खडकाळ बेटांसाठी आणि सव्वादोनशे वर्षांहून जुन्या बांधकामांसाठी. त्यातला काही इतिहास थेट नागपूरकर भोसल्यांशी जोडलेला आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

आधी पाण्याचं समजून घेतलं की गावाचं समजतं. चिलिका हे खाजण सरोवर आहे. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये वाळूची एक लांबलचक पट्टी आहे. पावसाळ्यात पाणी साधारण ११६५ चौरस किलोमीटरवर पसरतं, उन्हाळ्यात ९०६ पर्यंत आक्रसतं. एवढं अफाट दिसणारं हे पाणी बहुतेक ठिकाणी माणसाच्या उंचीच्या आगेमागेच खोल आहे. उत्तरेकडे महानदीच्या फाट्यांनी आणलेला गाळ साचतो, त्यामुळे तिकडे उथळ पाणी, नळगवत आणि पाणवनस्पती. दक्षिणेला, रंभ्याच्या उपसागरात, मोठी नदी येत नाही. म्हणून गाळ कमी, पाणी त्यातल्या त्यात खोल आणि बरंच स्वच्छ. पूर्व घाटाच्या टेकड्या इथे अगदी काठापर्यंत येतात. त्यांचीच काही टोकं पाण्यातून वर राहिली, ती ही बेटं. मुख दूर असल्यामुळे भरती-ओहोटीही जेमतेम जाणवते. बंगला बांधायला आणि नाव बांधून ठेवायला याहून सोयीची जागा त्या काठावर सापडली नसती.

ही सोय ओळखली ती कंपनी सरकारच्या एका कलेक्टरनं. त्याचं नाव टॉमस स्नॉडग्रास. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो गंजामचा कलेक्टर होता आणि रंभ्याचा पाण्याकाठचा मोठा वाडा त्यानं बांधला. जिल्ह्याचं ठाणं तेव्हा ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी गंजाम गावात होतं. (१८१५ मध्ये तापाच्या साथीनं ते गाव उद्ध्वस्त झालं आणि ठाणं हललं.) साहेबानं हिशेबाचा घोळ घातला आणि कंपनीनं त्याला घरी पाठवलं. पुढची कथा जिल्ह्यात चवीनं सांगितली जाते: पेन्शन नाकारली तेव्हा हा गडी लंडनमध्ये कंपनीच्या कचेरीसमोरचा रस्ता झाडायला उभा राहिला. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या हातात झाडू दिसल्यावर संचालकांना लाज वाटली आणि पेन्शन मंजूर झाली. खरंखोटं काहीही असो, वाडा मात्र खरा आहे. पुढे तो खल्लीकोटच्या राजांकडे गेला आणि आता तिथे हॉटेल चालतं.

त्या वेळी हा काठ म्हणजे सरहद्द होती. १७५१ मध्ये अलीवर्दीखानानं ओडिशा रघूजी भोसल्यांना सोडला. दक्षिणेकडचे ‘उत्तर सरकार’ (नॉर्दर्न सर्कार्स) नावाचे किनारी प्रांत १७६० च्या दशकात इंग्रजांकडे गेले. म्हणजे गंजाम, खल्लीकोट, रंभा कंपनीकडे. समोरचा पारिकुद-मालुदचा वाळूचा पट्टा, माणिकपटणा आणि पुरी मराठ्यांकडे. स्नॉडग्रास आपल्या सज्जातून जे पाणी बघत होता, त्याच्या पलीकडे नागपूरकरांचा अंमल होता.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात हीच वाट कामी आली. सप्टेंबर १८०३ मध्ये लेफ्टनंट कर्नल हारकोर्टची फौज गंजामहून निघाली आणि समुद्र व सरोवर यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवरून उत्तरेला सरकली. १४ सप्टेंबरला माणिकपटणा आणि १८ सप्टेंबरला पुरी इंग्रजांच्या हातात गेली. माणिकपटण्याला सरोवराचं तोंड ओलांडावं लागतं. मूठभर तोफा आणि थोडी जिद्द असती तर फौज तिथे अडवता आली असती. पण मराठ्यांच्या बाजूचा तिथला अंमलदार फतेह महंमद आधीच फितूर झाला होता आणि त्याला बक्षीस म्हणून मालुदची जहागीर मिळाली. त्याच वर्षी १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि कटक प्रांत भोसल्यांच्या हातून कायमचा गेला. देवगाव आपल्या वऱ्हाडात. त्या तहातली एक कड या खाऱ्या पाण्याकाठी बसलेली आहे.

रंभ्याच्या दक्षिणेला पालूर. प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात ‘पलौरा’ नावाचं बंदर येतं; तिथून गलबतं किनारा सोडून खुल्या समुद्रानं पूर्वेच्या देशांकडे वळत. ते हेच पालूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्रजी अमदानीत पालूरहून ऋषिकुल्येच्या मुखापर्यंत कालवा खणला, मुख्यतः मिठाच्या वाहतुकीसाठी. आज त्या कालव्यातून थोडं खारं पाणी सरोवराच्या दक्षिण भागात येतं.

मीठ हा इथला जुना धंदा. रंभ्याहून गंजामकडे जाताना हुम्म्याची मिठागरं लागतात. आपल्या उरण-पेणकडचं आगर ज्यानं पाहिलंय त्याला नवल वाटणार नाही, रीत तीच. भरतीचं पाणी आधी मोठ्या साठवणीच्या वाफ्यात घ्यायचं, गाळ बसू द्यायचा. मग एकापाठोपाठ एक उथळ वाफ्यांतून फिरवत ते आटवायचं. समुद्राचं पाणी बोमे मापकावर (पाण्याचा दाटपणा मोजायचं साधन) साधारण साडेतीन अंश दाखवतं. पंचविशीच्या आसपास पोचलं की शेवटच्या लहान वाफ्यांत सोडायचं. मीठ तिथे धरतं. चूक होते ती लोभापायी. एकोणतीस-तीस अंशांच्या पुढेही तेच पाणी वाफ्यात ठेवलं तर मॅग्नेशियमचे क्षार मिठाबरोबर बसायला लागतात, मीठ कडवट होतं आणि हवेतली ओल ओढून पाणी सोडतं. म्हणून उरलेलं कडू पाणी वेळेवर काढून टाकावं लागतं. वाफ्याचा तळ नीट तुडवून घट्ट केला नसेल तर मिठात चिखल येतो. अवकाळी पावसाची एक सर आली की आठवड्यांचं आटवणं वाया.

आता बेटं. रंभ्याच्या धक्क्यावरून बोटीनं अर्ध्या दिवसात तीन-चार सहज होतात. घंटाशिळा टेकडीजवळ पाण्यातल्या खडकावर एक खोली आणि तिच्यावर निमुळता खांब उभा आहे. हेही स्नॉडग्रासचंच काम. याला बीकन बेट म्हणतात. संकुदा बेटावर पडक्या बंगल्याचे अवशेष आहेत आणि तो खल्लीकोटच्या राजानं बांधला असं सांगतात. साहेब आणि पाहुणे तिथे न्याहारीला जात म्हणून नाव पडलं ब्रेकफास्ट बेट. पक्ष्यांच्या बेटावर मोठाले लोंबते खडक विष्ठेनं पांढरेफटक झालेले असतात. बरकुदा बेट धक्क्यापासून साधारण पाच किलोमीटर. पर्यटन खात्यानं त्याचं ‘हनिमून आयलंड’ केलं, पण त्याची खरी ओळख वेगळी आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी १९१७ मध्ये इथल्या एका पाय नसलेल्या सरड्याच्या जातीचं वर्णन केलं. प्राणी मातीत राहतो, गांडुळासारखा दिसतो. बेटाच्या नावावरूनच त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं: बार्कुडिया इन्सुलॅरिस. तेव्हा बेटावर उतरलात तर दगड उलटवून बघायचा मोह टाळा. सावलीतली ओलसर माती आणि सडका पाला हेच त्याचं घर आहे.

या पडक्या भिंतींबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यांची दुरुस्ती बहुतेक वेळा चुकीची होते. बांधकाम दगड-विटांचं, चुन्यात केलेलं, वरून चुन्याचा गिलावा. खाऱ्या हवेत आणि ओल्या पायात भिंत सतत क्षार शोषत असते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरी पूड धरतात, थोडा गिलावा झडतो. हे झडणं अपेक्षितच आहे. गिलाव्यानं मरायचं आणि विटेनं जगायचं, अशी ती व्यवस्था. काही वर्षांनी नवा थर दिला की झालं. त्यावर सिमेंट फासलं की ओल आत अडकते, क्षार विटेच्या आतच स्फटिक धरतात, फुगतात आणि विटेचा चेहराच पोपडा होऊन निघतो. वरून सिमेंट ठणठणीत दिसतं, ठोकलं तर पोकळ आवाज येतो. असा आवाज आला की समजा, आतली वीट पीठ झाली आहे. योग्य क्रम असा: आधी भिंतीवर वाढलेली वड-पिंपळाची रोपं मुळासकट मारायची (नुसती छाटली तर मुळं जाड होऊन सांधे फोडतात), मग सिमेंट हलक्या हातानं उतरवायचं, भिंत सुकू द्यायची, सुटे क्षार कोरड्या कुंच्यानं झाडायचे, आणि मगच चांगला मुरवलेला चुना एक भाग आणि गोड्या पाण्यानं धुतलेली रेती तीन भाग या मानानं पातळ थर द्यायचे. सरोवरकाठची वाळू वापरली की क्षार पुन्हा आपल्याच हातानं भिंतीत घातले. चुन्याचा थर हळूहळू पक्का व्हावा म्हणून त्याला काही दिवस ओलं गोणपाट लागतं. बेटावर गोडं पाणी नाही, ते बोटीनं न्यावं लागतं; कामात कसूर होते ती नेमकी इथे.

विसाव्या शतकाच्या आरंभी रंभ्याचा वाडा राजकारणातही दिसतो. गंजाममधले ओडिया भाषक तेव्हा मद्रास इलाख्यात, संबळपूरचे मध्य प्रांतात, कटक-पुरीचे बंगालमध्ये. खल्लीकोटचे राजे हरिहर मर्दराज यांनी ओडिया भाषकांना एकत्र आणायच्या हालचालींना पाठबळ दिलं आणि त्या चर्चांची जागा रंभा होती. मधुसूदन दासांच्या पुढाकारानं डिसेंबर १९०३ मध्ये कटकला उत्कल संमेलनाचं पहिलं अधिवेशन भरलं. १ एप्रिल १९३६ ला ओडिशा वेगळा प्रांत झाला आणि गंजाम मद्रासमधून त्यात आला. भाषावार प्रांतासाठी आपल्याला आणखी चोवीस वर्षं थांबावं लागलं.

अलीकडचा इतिहास मुखाचा आहे. किनाऱ्यालगतचा प्रवाह वाळू सतत ईशान्येकडे ढकलतो, त्यामुळे सरोवराचं तोंड सरकत सरकत लांब गेलं आणि चिंचोळ्या खाडीत गाळ भरला. भरतीचं पाणी आत येईना, खारेपणा उतरला, पाणवनस्पती माजली, मासळी घटली. चिलिका १९८१ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत. १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळींच्या माँत्रो नोंदीत गेलं. चिलिका विकास प्राधिकरणानं २३ सप्टेंबर २००० ला सिपाकुद्याजवळ नवं मुख उघडलं आणि पाण्याचा मार्ग १८ किलोमीटरनं कमी झाला. २००२ मध्ये त्या नोंदीतून नाव निघालं. एवढ्या उशिरा का होईना, जमलं. कोळंबीच्या बांधबंदिस्तीचा प्रश्न मात्र चिवट निघाला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये सरोवरापासून १००० मीटरच्या आत कोळंबीशेतीला मनाई केली, तरी बांबू-जाळ्यांची कुंपणं पुन्हा पुन्हा उभी राहिली. बोटीचा पंखा त्या जाळ्यात अडकतो, म्हणून नावाडी वाकडी वाट धरतो तेव्हा त्याला घाई करू नका.

यायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर हा या किनाऱ्यावर वादळांचा महिना. फायलिन १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपाळपूरजवळ, इथून जवळच, आदळलं. मार्चनंतर दक्षिणेचा वारा दुपारकडे चढतो आणि उथळ पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठतात. सपाट बोट त्यात फार हिंदकळते. म्हणून सकाळी सहा-सातला निघून अकराच्या आत परत. वाऱ्याविरुद्ध जायची बेटं आधी उरकायची, येताना वारा पाठीशी. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नको. बीकनच्या खडकावर शेवाळ असतं, चपलेपेक्षा पकड असलेले बूट बरे. पक्ष्यांचे मोठे थवे बघायचे तर नळबन अभयारण्याकडे बरकुल-बालुगावहून जावं लागतं आणि तिथे बेटावर उतरायला मनाई आहे. कालीजाई देवीचं बेटही तिकडूनच जवळ. मकरसंक्रांतीला तिथे जत्रा भरते, तेव्हा बोट मिळायची आशा सोडा. जेवणात खैंगा मासा मिळाला तर घ्या, आपल्याकडच्या बोयीचाच तो भाऊबंद.

राहायला ओडिशा पर्यटनाचं पंथनिवास पाण्याकाठीच आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी भुवनेश्वर गाठून रेल्वेनं दक्षिणेला यावं. १८९३ ते १८९६ या काळात बांधलेल्या ईस्ट कोस्ट रेल्वेचा हा मार्ग सरोवराच्या अगदी काठानं जातो. बऱ्याच जलद गाड्या रंभ्याला थांबत नाहीत, त्यामुळे बालुगाव किंवा ब्रह्मपूरला उतरून रस्त्यानं यायची तयारी ठेवा. भुवनेश्वरहून येताना डाव्या खिडकीची जागा घ्या. बालुगाव मागे पडलं की पाणी दिसू लागतं.