मॅकिन्ली-ब्रायनचे बिल्ले: 31 पैकी 19 तपासून झाले

अमेरिकेच्या 1896 आणि 1900 च्या अध्यक्षीय निवडणुकांच्या 31 प्रचार-बिल्ल्यांचा लॉट सध्या टेबलावर आहे. दोन्ही वेळा मॅकिन्ली आणि ब्रायन हेच मुख्य प्रतिस्पर्धी होते. आतापर्यंत 19 पाहून झाले. त्यांतले 14 अस्सल, 3 नकला आणि 2 संशयित निघाले.

तपासणी मागच्या बाजूने सुरू करावी. पुढचं चित्र नव्याने छापता येतं, मागची घडण तशीच उतरवणं जास्त कठीण. अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने 1896 मध्ये सेल्युलॉइडचा, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लॅस्टिकचा, बिल्ला लोकप्रिय केला. त्यात पत्र्याची उथळ वाटी, तिच्यावर छापील कागदाची चकती आणि सगळ्यात वर पारदर्शक सेल्युलॉइड असतं. कागद आणि सेल्युलॉइडच्या कडा वाटीवरून मागे वळवून धातूच्या कड्याने आतून आवळलेल्या असतात. पिनची तार स्वतःच्या ताणावर त्याच कड्यात बसते. आत चिकटवलेल्या पाठकागदावर कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा असतात: 17 जुलै 1894, 14 एप्रिल 1896, 21 जुलै 1896.

पाठकागद नाही म्हणून बिल्ला खोटा ठरत नाही, पुष्कळांचा गळून गेलेला असतो. उलट अस्सल कागद दुसऱ्या बिल्ल्यात बसवलेलाही सापडतो. पिनच्या गंजाची रेघ कागदावर उमटलेली असते, ती पिनशी जुळते का पाहावं. दोन्ही संशयितांत ती जुळत नाही. पण पिन कड्यात फिरू शकते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देणं चूक.

तिन्ही नकला मात्र क्षणात ओळखू आल्या. त्यांचं चित्र थेट पत्र्यावर छापलेलं आहे, सेल्युलॉइड नाहीच. तशी छपाई बिल्ल्यांवर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आली, म्हणजे मॅकिन्लीचा छापील पत्र्याचा बिल्ला त्या काळचा असूच शकत नाही. 1972 मध्ये एका तेल कंपनीने असे संच वाटले होते आणि कडेवर बारीक अक्षरांत खूण छापली होती. विकणारे ती खरवडतात, म्हणून कडेवर नखाएवढा जरी चरा दिसला तरी थांबावं. राजकीय वस्तूंच्या नकलांवर वर्ष टाकण्याची सक्ती अमेरिकेत 1973 च्या कायद्याने आली. त्याआधीच्या नकला कोऱ्याही असतात.

साल ठरवायला जोडीदार, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, पाहावा. मॅकिन्लीबरोबर होबार्ट असेल तर 1896, रूझवेल्ट असेल तर 1900. ब्रायनबरोबर स्यूअल म्हणजे 1896, स्टीव्हन्सन म्हणजे 1900.

लॉटमधला सगळ्यात देखणा बिल्ला ब्रायनच्या बाजूचा आहे, व्यास 22 मिमी. त्यावर फक्त घड्याळाची तबकडी आहे आणि काटे 12:44 वर, म्हणजे एकला 16 मिनिटं कमी. इंग्रजीत ही वेळ ‘सिक्स्टीन टू वन’, आणि 16 भार चांदीला 1 भार सोनं हे नाण्यांचं प्रमाणही तसंच म्हणतात; तोच ब्रायनच्या प्रचाराचा गाभा होता. मतदाराला काटे पाहूनच अर्थ कळत होता! 10 पट भिंगाखाली रंग अनियमित ठिपक्यांचे दिसतात. सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी किंवा आजच्या प्रिंटरच्या टोनरची भुकटी दिसली असती, तर हाही बाजूला काढावा लागला असता.

दोन अस्सल बिल्ल्यांना कडेजवळ तपकिरी डाग आहेत. पाणी कडेतून आत शिरतं, पत्रा गंजतो आणि कागद डागाळतो. हा डाग निघत नाही. ओला बोळा लावला तर पाणी आणखी आत जातं, आणि ॲसिटोनने सेल्युलॉइड विरघळतं. कोरड्या मऊ फडक्याने पुसणं एवढंच करावं.

साठवण मुंबईच्या पावसाळ्यात अवघड जाते. हवाबंद डबा सोयीचा वाटतो, पण जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्ल वाफा सोडतं आणि त्या कोंडल्या की शेजारचे बिल्लेही खराब होतात. पीव्हीसीचे कप्पे तर नकोतच. आम्लरहित कागदावर, झाकण सैल असलेल्या खोक्यात, एकमेकांना न टेकवता ठेवलेत. सिलिका जेल खोक्यात नाही, कपाटात आहे, आणि आर्द्रतामापक 50 टक्क्यांच्या वर गेला की जेल बदलायचं. कापरासारखा किंवा आंबट वास येणारा, चिकट झालेला बिल्ला लगेच वेगळा काढावा. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, म्हणून तापलेली सुई टोचून परीक्षा करू नये.

उरलेल्या 12 मध्ये 4 जोडचित्रांचे, म्हणजे उमेदवार आणि जोडीदार दोघांची चित्रं असलेले, आहेत. आधी ते घ्यायचे, मागच्या बाजूपासून.