काळा पडलेला रुपया

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे चांदीचे दोन राजा छाप रुपये निघतात, दोन्ही 1919 चे, पाचव्या जॉर्जचे. त्यातला एक आई दरवर्षी रांगोळीने घासते, त्यामुळे तो पांढराफक्क आणि राजाची दाढी गुळगुळीत. दुसरा वाचला, कारण तो आजोबांच्या जुन्या पाकिटात कसल्याशा पावतीत गुंडाळून विसरला गेला होता. आईच्या मते तो "काळा पडलेला".

पण खिडकीशी नेऊन जरासा तिरका केला की काठाला निळा, मग जांभळा आणि मध्ये राजाच्या गालावर मधासारखा सोनेरी! हवेतलं, कागदातलं गंधक चांदीला लागून सल्फाइडचा थर बसतो, पातळ असेल तिथे पिवळा, जाड होत गेला की जांभळा, निळा, आणि शेवटी खरंच काळा. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, तसंच हे, रंग असा नाहीच, थराच्या वरून आणि खालून परतलेल्या उजेडाचा खेळ. (पीव्हीसीच्या पाकिटात ठेवल्यावर येतो तो हिरवा चिकटा मात्र वेगळा, तो नाणं खातो, त्याला ॲसिटोनच हवं.)

आता याचा फोटो काढायचा म्हणजे वैताग. वरून सरळ मोबाइल धरला की नाणं कोळशासारखं, कारण रंग फक्त उजेड उलटून थेट डोळ्यात येतो त्याच कोनात दिसतात, आणि तिथे नेमका मोबाइल आडवा येतो. फ्लॅश मारला तर राजाच्या कपाळावर पांढरा डाग. शेवटी फोटोफ्रेमची काच काढली, नाण्यावर 45 अंशात तिरकी धरली, बाजूने टेबललॅम्प, पलीकडे काळा कागद, म्हणजे लॅम्पचा उजेड काचेवरून खाली नाण्यावर आणि कॅमेरा वरून काचेतून बघतोय. एका हातात काच आणि दुसऱ्यात मोबाइल, त्यामुळे पहिले वीसेक फोटो हललेले. मग आला एक. रंग सगळे आले, एडिटमध्ये सॅच्युरेशन वाढवायचा मोह आवरला, कारण ती शुद्ध फसवणूक.

आईला दाखवला. तिने झूम केलं आणि राजाच्या झग्यावरच्या हत्तीपाशी थांबली. 1911 च्या रुपयावर हाच हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट करून घेतली, हे मी सांगत होतो, तिचं लक्ष नव्हतं.

"अरे, सोंडसुद्धा दिसतेय की!"

मग चष्मा लावून देवघरातला आपला रुपया घेऊन आली आणि ट्यूबलाइटखाली किती तरी वेळ त्यावर हत्ती शोधत बसली.