आईचं ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं

आईचं पोट फुगायला लागलं ते जानेवारी २०२०मध्ये. गॅस समजून महिनाभर ओवा-हिंग चाललं. शेवटी सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं आणि तपासण्या होता होता निघाला अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. रक्तातलं सीए-१२५ (या कॅन्सरचा माग दाखवणारा मार्कर) पस्तिसाच्या आत असावं लागतं, तिचं हजाराच्या वर. पुण्याच्या डॉक्टरांनी आखणी सांगितली: तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेले तीन. पहिला केमो झाला, दुसऱ्याची तारीख आली तोवर लॉकडाऊन.

आमचं गाव कराडजवळ. हॉस्पिटलचं पत्र, पोलीस स्टेशनचा शिक्का, गाडीत ड्रायव्हर धरून तिघंच. शिरवळच्या नाक्यावर हवालदारानं पत्र वाचलं, आईच्या डोक्याच्या स्कार्फकडे बघितलं आणि नुसता हात हलवला.

तिसऱ्या केमोला डॉक्टरच म्हणाले, इकडे येऊ नका. डोस, औषधांचा क्रम, कुठली सलाईन किती तासांत, सगळं एका कागदावर लिहून दिलं आणि तो कागद समोर ठेवून कराडला केमो झाला. पांढऱ्या पेशी पडू नयेत म्हणून दुसऱ्या दिवशीपासून पोटावर इंजेक्शनं. ती थंड ठेवायची, पण बर्फाला सरळ टेकवायची नाहीत, गोठली तर वाया. मी चहाच्या थर्मासात बर्फ, त्यावर पंचा, त्यावर इंजेक्शनाचा डबा अशी आणायची. टोचायला सिस्टरांनी व्हिडिओ कॉलवर शिकवलं. पहिल्या दिवशी माझाच हात थरथरत होता, तर आई म्हणे, "भरल्या वांग्याला चीर देतेस ना, तसंच."

मे महिन्यात ऑपरेशन होणार होतं. फोन आला: पुढे ढकलूया, आधी सहाही केमो संपवू. माझा तर संतापच झाला. कॅन्सर थांबणार आहे का यांच्यासाठी? दोन दिवसांनी शांतपणे विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नीट सांगितलं. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर आयसीयू लागू शकतो, रक्त लागतं, आणि तेव्हा दोन्हींची ओढाताण होती. त्यात ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झाला तर फुप्फुसं साथ देत नाहीत. मार्कर उतरतोय, म्हणजे केमो लागू पडतोय, तोवर थांबता येतं. सगळ्यांना थांबता येत नव्हतं. दुसऱ्या केमोला भेटलेल्या बार्शीकडच्या ताईंना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. त्यांचं बाहेरून आणि आतून दिलं जाणारं रेडिएशन मिळून आठ आठवड्यांत संपायलाच हवं होतं, म्हणून त्या हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहिल्या होत्या.

चौथ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री १०१ ताप. केमोतल्या माणसाचा ताप म्हणजे लगेच रक्त तपासून अँटिबायोटिक, पण ज्या दवाखान्यात नेलं तिथं ताप म्हटल्यावर आत कुणी घेईना. आधी स्वॅब, मग बघू. पत्र्याच्या शेडखाली दोन तास गेले. तो राग अजून गेलेला नाही. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावून तोच तिथल्या डॉक्टरांच्या हातात दिला, तेव्हा सलाईन लागलं. पांढऱ्या पेशी ९००. स्वॅब निगेटिव्ह आला तो दोन दिवसांनी. त्यानंतर "केमो चालू आहे, ताप आल्यास वाट पाहू नये" असं डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं पत्र मागून घेतलं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावलं. कुणाच्या घरी केमो चालू असेल तर ते आजही मागून ठेवा.

ऑपरेशन जुलैच्या शेवटी झालं. आधी स्वॅब, आणि सोबत एकच माणूस. भाऊ पाच तास खाली गाडीत बसून होता.

मधल्या काळात तपासणीही फोनवरच व्हायची. डॉक्टर सांगतील तिथं आई स्वतःच पोट दाबून दाखवायची आणि फोन ठेवला की कुरकुरायची, "मला काय कळतंय त्यातलं?" आता रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला तरी भागतं, पण दर तीन महिन्यांनी ती पुण्याला जातेच. डॉक्टरांनी पोटाला हात लावून "ठीक आहे" म्हटलं की मग शिरवळला वडापाव खाते.