कुठला चंद्र?

धाकटीने काल रात्री जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालेचा पहिला खंड संपवला आणि आज सकाळपासून ती त्याच्याबद्दलच बोलत होती. त्यातल्या सरदार नेडबद्दल ती पुष्कळ बोलली, काहीशी रागावूनच बोलली, आणि शेवटच्या प्रकरणातल्या चितेपर्यंत आली तेव्हा तिचा आवाज चढला होता. एरवी कुठल्याही पुस्तकाबद्दल बोलताना तो चढत नाही. मी ऐकत होते. ज्याची वाट पाहत होते ते काही केल्या येईना, तेव्हा मीच विचारले, "आणि तो दुसरा चंद्र?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कुठला चंद्र, ताई?" मग दुसरा खंड कधी देतेस, असे विचारून ती आपल्या कामाला लागली.

एवढेच घडले. यात मनाला लावून घेण्यासारखे काय आहे हे मला दुपारभर उमगले नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तिची बाजू अगदी खरी आहे. तो प्रसंग आहेच किती? तुम्ही कधी ड्रॅगन पाहिला आहे का, असे परागंदा राजकन्या डेनेरिस आपल्या दासींना विचारते आणि त्यांतली डोरिया तिला कार्थ शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून ऐकलेली गोष्ट सांगते: आकाशात एकेकाळी दोन चंद्र होते, त्यांतला एक सूर्याच्या फार जवळ गेला, उष्णतेने तडकला, आणि त्यातून लाखो ड्रॅगन बाहेर पडून सूर्याची आग प्यायले. एक दिवस उरलेला चंद्रही तसाच तडकेल आणि ड्रॅगन परत येतील. इरी आणि झिक्वी या दुसऱ्या दोघी दासी यावर हसतात, कारण चंद्र ही देवी आहे, सूर्याची पत्नी आहे, हे त्यांच्याकडे सर्वांना ठाऊक असते. मग विषय बदलतो. ज्याला पुढचे वाचायचे आहे त्याने तिथे थांबावे असे लेखकाने काहीही केलेले नाही.

आणि तरीही मी तिथे थांबले, ती आजवर थांबलेलीच आहे. दुसऱ्या खंडात डाव्होस या पात्राला अझोर अहाई या प्राचीन वीराची कथा ऐकायला मिळते. त्याने तापलेली तलवार आपल्या पत्नीच्या, निसा निसाच्या, हृदयात खुपसली आणि तिच्या किंकाळीने चंद्राच्या चेहऱ्यावर तडा गेला. एका खंडात तडकलेला चंद्र, दुसऱ्यात चंद्रावरचा तडा, आणि त्याच दुसऱ्या खंडाच्या आकाशात तलवारीसारखा लाल धूमकेतू. या तीन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की थिअरी, म्हणजे वाचकांनी रचलेला तर्क, आपोआप उभी राहते, आणि ती उभी करणारी मी काही पहिली नव्हे. तलवार म्हणजे धूमकेतू, निसा निसा म्हणजे दुसरा चंद्र. त्यांची टक्कर झाली, धुराळ्याने सूर्य झाकला, हजारो वर्षांपूर्वीची ती प्रदीर्घ रात्र पडली, आणि ऋतूंचे जे गणित बिघडले ते पुन्हा जुळलेच नाही, म्हणूनच त्या जगात उन्हाळे-हिवाळे वर्षानुवर्षे चालतात आणि कधी संपतील ते कोणी सांगू शकत नाही. तोवर सुटी सुटी वाटणारी जादू, धर्मकथा आणि हवामान ही तिन्ही एका सूत्रात ओवली गेलेली पाहून मला जो आनंद झाला होता, तसा आनंद देणाऱ्या गोष्टी आयुष्यात फारशा आलेल्या नाहीत. हे वाक्य लिहिताना थोडे ओशाळवाणे वाटते आहे, तरी ते खोडणार नाही.

तर आज वाटले ते दुःख म्हणावे की राग? राग नाही. धाकटी विसरली याचा मला रागच नाही. विचार करता करता लक्षात आले की तो हेवा आहे, आणि बराच तीव्र आहे. तिला विसरता आले. एक दासी रिकामपणी एक गोष्ट सांगते, ती हिने गोष्ट म्हणून ऐकली आणि तंबूतल्या त्या मुलींना सोडून पुढे गेली. मला आता त्या तंबूत मुली दिसतच नाहीत, पुरावे दिसतात. दाणे निवडावेत तशी मी वाक्ये निवडत वाचते, आणि ज्या पानावर निवडण्यासारखे काही सापडत नाही ते पान मला वाया गेल्यासारखे वाटते. कॅटलिनचे दुःख, आर्याची भटकंती, या सगळ्यांतून मी हल्ली ढगांचा रंग आणि कावळ्यांचे शब्द टिपत जाते. आधी असे वाचत नव्हते. कधीपासून वाचू लागले, आणि तेव्हा बरोबर कोण होते, ते आज लिहायला नको.

या हेव्यात थोडी स्वतःची कीवही मिसळलेली आहे. पाचवा खंड २०११ साली आला आणि सहाव्याची वाट आम्ही अजून पाहतो आहोत. इतक्या वर्षांत माणसे पांगली. जिथे रात्ररात्र वाद चालत तिथे आता क्वचित कोणी बोलते, आणि बोलले तरी टीव्ही मालिकेच्या शेवटाबद्दल बोलते. २०१९ साली ती मालिका संपली तेव्हा तिच्यात ना दुसरा चंद्र होता, ना ऋतूंचे कारण. ज्या प्रश्नावर मी एवढा जीव टाकला तो त्यांनी विचारलाच नव्हता. उत्तर चुकीचे दिले असते तर भांडता तरी आले असते.

उत्तर मिळण्याचेही काही खरे नसते म्हणा. 'द व्हील ऑफ टाइम'च्या १९९३ साली आलेल्या पाचव्या खंडाच्या शेवटाकडे अ‍ॅस्मोडियनचा खून होतो आणि खुनी कोण ते सांगितले जात नाही. वाचकांनी संशयितांच्या याद्या केल्या, वेळापत्रके जुळवली, कोण कुठून कुठे पोचू शकत होते याचा काथ्याकूट केला. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली गेले. २०१० साली आलेल्या तेराव्या खंडात उत्तर मिळाले, आणि तेही कथेत नव्हे, तर शेवटच्या शब्दसूचीत, खुनी ठरलेल्या ग्रेन्डालच्या नोंदीत. सतरा वर्षांच्या वादाला शब्दसूचीतली एक नोंद! त्या दिवशी जे बरोबर ठरले त्यांना कसे वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करते. मला वाटते, चुकलेल्यांपेक्षा त्यांनाच जास्त रिकामे वाटले असेल.

टॉल्किन या बाबतीत सरळ होते. त्यांनी १९५४ सालच्या एका पत्रात लिहून ठेवले आहे की दंतकथेच्या युगातही काही कोडी राहिलीच पाहिजेत, आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला टॉम बॉम्बाडिल हे त्यांपैकी एक आहे, तेही हेतुपुरस्सर ठेवलेले. ब्रँडन सँडरसन यांची तऱ्हा अगदी उलट. जादूने कथेतला पेच सोडवायचा असेल तर वाचकाला ती जादू तेवढीच नीट समजलेली असायला हवी, असा त्यांचा नियमच आहे, आणि त्यांच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये पोलादाची जादू धातूंना ढकलते आणि लोखंडाची ओढते हे एकदा कळले की पुढचे वाचक आपले आपण मांडू शकतो. अशा जगात थिअरी म्हणजे गणित असते, आणि गणित चुकले तर कोणाचे मन मोडत नाही. मार्टिन मात्र नियम सांगत नाहीत आणि कोडे कोडेच राहणार असेही म्हणत नाहीत. ऋतूंचे कारण आपण शेवटी सांगू, पण ते विज्ञानकथेचे नसेल, जादूचे असेल, असे ते सांगत आले आहेत. म्हणजे उत्तर आहे, पण ते कोणत्या भाषेत असेल ते ठाऊक नाही. माझ्यासारखीने यात अडकावे नाही तर काय करावे?

तरीही शास्त्रज्ञसुद्धा थांबले नाहीत, याचा मला आधार वाटतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या काही जणांनी २०१३ साली अर्धवट गमतीने एक निबंधच लिहिला, आणि हा ग्रह दोन ताऱ्यांभोवती फिरत असेल तर ऋतूंची लांबी अशी बेभरवशाची होऊ शकते, हे गणिताने दाखवले. वाचायला सुरेख आहे, पण मार्टिन यांच्या कथेतल्या वेस्टेरॉस खंडाच्या आकाशात दोन सूर्य कोणी पाहिलेले नाहीत, आणि हजारो पानांत इतकी माणसे वर पाहतात की दुसरा सूर्य असता तर एखादी तरी बोलली असती.

शिवाय आकड्यांवर किती विसंबावे हाही प्रश्न आहेच. वेस्टेरॉसच्या उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीची उंची सातशे फूट आणि लांबी सुमारे तीनशे मैल. या आकड्यांवरून बर्फाचे वजन, पायाचे खडक आणि बांधणाऱ्यांची जादू यांचे केवढे हिशेब झाले! मग चित्रीकरणासाठी निवडलेल्या खाणीचा चारशे फुटी कडा मार्टिन यांनी पाहिला आणि आपण भिंत फारच उंच लिहून बसलो, असे त्यांनाच वाटले. ही हकीकत मी धाकटीला सांगितली तर ती पोट धरून हसेल. मी हसले नव्हते.

पण मग संध्याकाळी, तिला द्यायचा म्हणून दुसरा खंड काढला आणि सवयीने सुरुवातीची प्रकरणे चाळली, तेव्हा मात्र हसू आले. त्या धूमकेतूकडे पाहणाऱ्यांची काय दाटी आहे तिथे! राजधानीत तो जॉफ्रीच्या राज्यारोहणाचा गौरव ठरतो आणि त्याला राजाचेच नाव मिळते. सरदार ग्रेटजॉनला तो नेडच्या सूडाचा झेंडा वाटतो, तर कॅटलिनचा भाऊ एडम्युअरला आपल्या घराण्याच्या रंगांतला विजयाचा शकुन. डेनेरिस त्याच्यामागून वाळवंटात चालू लागते. आणि म्हाताऱ्या नॅनला तर धड दिसतही नाही, ती वास घेऊन सांगते की ड्रॅगन आले. म्हणजे फॅन थिअरी रचणाऱ्यांची अख्खी सभाच लेखकाने तिथे भरवून ठेवली आहे, प्रत्येकाच्या हातात तोच एक पुरावा देऊन, आणि त्यातल्या त्यात खरे ठरते ते जिच्याकडे पुरावाच नाही तिचे. मी त्या सभेत कुठे बसते? एडम्युअरच्या शेजारी, बहुधा. तिथे बरी माणसे आहेत.

त्यामुळे हेवा गेला असे नाही, पण त्याची धार कमी झाली. धाकटीचे पहिले वाचन तिचे आहे आणि मी तिला चंद्राबद्दल आणखी काही सांगणार नाही. ड्रॅगनमुळे जादू परतली की जादू परतली म्हणून ड्रॅगन जन्मले, हा वादही मी तिच्यासमोर काढणार नाही, जरी तो मला फार प्रिय आहे. सगळ्यांचा पहिला कल ड्रॅगनकडे असतो, कारण त्यांच्या जन्मानंतर राजधानीतल्या अग्निविद्येच्या जाणकाराचे, हॅलाइनचे, मंत्र अधिक चालू लागतात आणि तो टिरियनला, कुठे ड्रॅगन तर नाहीत ना, असे बिचकत विचारतो. कार्थमध्ये क्वेथही डेनेरिसला तेच सुचवते, की जो जादूगार सहा महिन्यांपूर्वी जेमतेम ठिणगी पाडत होता तो आता आगीची शिडी चढतो. पण पहिल्या खंडाच्या अगदी पहिल्या प्रकरणात, ड्रॅगन जन्मायच्या कितीतरी आधी, भिंतीपलीकडच्या जंगलात ती थंडगार माणसे आलेलीच असतात. त्यांना कोणी उठवले? हा प्रश्न मी कोणालाही विचारला की समोरचा थोडा गप्प होतो, आणि मला ते आवडते.

असो. खंड चाळताना एका ओळीने मात्र मला पुन्हा पकडले, आणि खरे तर तिच्यामुळेच ही नोंद इतकी लांबली आहे. प्रस्तावनेच्या प्रकरणात पांढरा कावळा उन्हाळा संपल्याची वार्ता आणतो, आणि तो उन्हाळा दहा वर्षे, दोन चांद्रमास आणि सोळा दिवस चालला, असे मेस्टर क्रेसेन मोजून सांगतो (मेस्टर म्हणजे त्या जगातले विद्वान). दिवस सूर्याने कळतात, महिने चंद्राने. पण वर्ष? ज्या जगात उन्हाळा दहा वर्षे टिकतो तिथे वर्ष संपले हे मेस्टरांना कशावरून समजते? ताऱ्यांवरूनच समजत असणार. त्यांच्याकडे आइस ड्रॅगन नावाचे नक्षत्र आहे, आणि त्याच्या डोळ्यातला निळा तारा उत्तर दाखवतो. तो भरवशाचा आहे, लोक त्याच्या आधाराने वाट काढतात. याचा अर्थ ग्रहाची परिक्रमा नियमित आहे आणि त्याचा आसही डळमळत नाही, नाहीतर उत्तरेचा तारा जागेवर राहिला नसता. मग चंद्र फुटल्यामुळे आस डळमळू लागला आणि म्हणून ऋतू बिघडले, हे आमच्या थिअरीतले सर्वांत भक्कम समजले जाणारे कलम टिकत नाही. धुराळ्याने सूर्य झाकला एवढेच उरते, आणि धुराळा हजारो वर्षे हवेत तरंगत राहील हे मला पटत नाही, निदान जादूची मदत न घेता तरी नाही. उद्या पाचव्या खंडातले आकाशाचे सगळे उल्लेख काढून पाहायला हवेत.